नाव घातलेली भांडी

प्रत्येक घरात काही वस्तू अशा असतात, की रोजच्या जीवनात त्यांचा काडीचाही उपयोग नसतो. तथापि त्यांना घराबाहेर काढण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. माळ्यावर पडलेला काच फुटका कंदील, खुंटीला टांगलेली पण कोणी हातात न घेणारी काठी, एक पाय मोडलेला चौरंग, ट्रंकेच्या तळाशी घडी करून ठेवलेले विरलेले लुगडे! दिवाळीच्या सुमारास घराची झाडलोट निघाली, की या वस्तू एकदा अंगणात येतात. कोणीतरी म्हणते, “आता हे टाकून द्यावे.” क्षणभर सारे गप्प राहतात. मग कोणीतरी ती वस्तू उचलते, तिच्यावरची धूळ पुसते आणि ती पुन्हा आपल्या जुन्या जागी जाऊन बसते. पुढच्या दिवाळीपर्यंत तिची चिंता मिटते.

बाजारात जिला कोणी दोन रुपयेही देणार नाही, अशा वस्तूभोवती मनुष्याचे मन इतके का घुटमळावे? सोन्याचा दागिना कोणी जपला, तर त्याचे नवल वाटत नाही. परंतु फुटका कंदील कोणी का जपावा? या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांनी दिले, आणि तेही एका दुष्काळाच्या वर्षी.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. आमच्या जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग केले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा उंच प्रदेश तो घाटावरचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा ही गावे तिकडची. रांगेच्या उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सपाट मुलूख तो घाटाखालचा. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर ही गावे इकडची. या काळ्या मातीत कापूस आणि ज्वारी पिकते, आणि उन्हाळ्यात हीच माती तापून तव्यासारखी होते.

आमचे घर धाब्याचे होते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, असे त्याचे छप्पर. वैशाखात बाहेर ऊन रणरणत असतानाही माजघरात सुखद गारवा असे. त्या माजघराच्या एका भिंतीला लागून लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर घरातील सारी भांडी ओळीने मांडलेली असत. पाण्याचे दोन पितळी गुंड, दुधाची चरवी, पुरणपोळीची कणीक मळण्याची मोठी परात, लहानमोठे गंज, सणावाराला निघणारी काशाची ताटे. आणि सर्वांत खाली, जमिनीवर, दोन कड्यांचे तांब्याचे घंगाळ. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कासे होते, हे मी पुढे शाळेत शिकलो. पण त्या तिन्ही धातूंचे नाद मला त्यापूर्वीच ओळखू येत असत. काशाच्या ताटाला चुकून धक्का लागला, तर त्याचा स्वर कितीतरी वेळ घरात रेंगाळत राही.

ही भांडी सेवा मात्र फार मागत. चिंच आणि राख घेऊन ती घासावी लागत. दोन दिवस दुर्लक्ष झाले, की त्यांवर काळसर डाग चढत. शिवाय पितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट वरण ठेवले, तर ते कळकते. म्हणून भांड्यांना आतून कथलाचा पातळ लेप द्यावा लागे. त्यालाच कल्हई म्हणतात. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला गावात येई. तो गल्लीच्या तोंडाशी जमिनीत लहानशी भट्टी करी, भाता चालवून निखारे फुलवी, तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकी आणि कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरवी. पांढऱ्या धुराचा एक लोट उठे आणि बघता बघता काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे लखलखू लागे. तो चमत्कार पाहण्यासाठी गावातील सारी मुले त्याच्याभोवती कोंडाळे करून बसत.

परंतु माझे लक्ष असे ते भांड्यांवरील अक्षरांकडे. त्या काळी नवे भांडे घेतले, की त्यावर नाव घालण्याची रीत होती. दुकानदार अणकुचीदार हत्याराने ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे कोरून देई. यामागे एक व्यावहारिक सोय होती. लग्नकार्यात गावजेवणासाठी घरोघरची भांडी एकत्र जमत. कार्य आटोपल्यावर ज्याचे भांडे त्याला परत जावे, म्हणून त्यावर नाव हवे. पण माणसे केवळ नाव घालून थांबत नसत. भांडे कोणी दिले, कोणाला दिले, कशानिमित्त दिले, कोणत्या शकात दिले, तेही कोरून घेत. त्यामुळे आमची मांडणी म्हणजे आमच्या घराण्याची बखरच होती. दोन ओळींची, चार ओळींची, पण खरीखुरी बखर!

त्या बखरीचा अर्थ सांगणारी होती माझी आजी. तिला लिहितावाचता येत नव्हते. परंतु प्रत्येक भांड्याची हकीगत तिला मुखोद्गत होती. एक गुंड आजोबांनी त्यांच्या पहिल्या कापसाच्या पैशातून आणला होता. परात मोठ्या आत्याच्या बारशाला आली होती. चरवी शेजारच्या एका म्हातारीने तिला दिली होती. कारण त्या म्हातारीच्या दुखण्यात आजीने महिनाभर तिला रोज दूध नेऊन दिले होते. मी अक्षरे वाचावीत आणि आजीने त्यांमागची गोष्ट सांगावी, असा आमचा दोघांचा खेळ चाले.

पुढे १९७२ साल उजाडले. त्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. पावसाने दगा दिला, विहिरी आटल्या, गुरांना चारा मिळेना. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे अशा कामांवर लाखो माणसे राबली. त्या कामांवर सुकडी नावाचे पौष्टिक पीठ वाटले जाई आणि रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे. याच काळात राज्यात रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. दुष्काळाचा हा इतिहास तुम्ही पुढे वाचालच. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि मला तो इतिहास दिसला तो आमच्या माजघरातील मांडणीवर.

कारण त्या काळी भांडी ही घरातील शिल्लकही होती. खेड्यातील शेतकऱ्याच्या घरी बँकेचे पुस्तक क्वचितच असे. चांगले पीक आले, की तो पितळेचे भांडे किंवा चांदीचा दागिना घेई. वाईट वर्ष आले, की तोच जिन्नस मोडीत घालून धान्य आणी. मोडीत भांड्याची घडण, त्याची नक्षी, त्यावरचे नाव यांना काही किंमत नसते. तेथे केवळ धातू तोलला जातो आणि मग तो भट्टीत जातो.

त्या मार्गशीर्षात एके दिवशी वडिलांनी मांडणीवरची भांडी खाली उतरवली. काय विकायचे आणि काय ठेवायचे, याचे दोन ढीग त्यांनी केले. विकण्याच्या ढिगात दोन्ही गुंड होते, परात होती, चरवी होती आणि सर्वांत जड म्हणून घंगाळही होते. आजी काही बोलली नाही. ती उठली, चिंचेचा कोळ करून आणला आणि विकावयाची भांडी घासावयास बसली.

वडील हळूच म्हणाले, “माय, मोडीत तं वजनावर घेतात. घासून का भाव वाढणार हाये?”

आजीने मान वर न करताच उत्तर दिले, “भाव नाही वाढत, बापू. पण लेक सासरी धाडतो, तं तिचं तोंड धुवूनच धाडतो ना आपण?”

यावर वडिलांना काही बोलता आले नाही. मी आजीजवळ बसून तिला राख पुरवू लागलो. एकेक भांडे घासताना ती पुन्हा त्याची हकीगत सांगत होती. आजवर शंभरदा ऐकलेल्या त्या गोष्टी त्या दिवशी ती जरा सावकाश, जरा अधिक तपशिलाने सांगत होती. सर्वांत शेवटी घंगाळ आले. रोज चुलीवरचे ऊन पाणी घेऊन घेऊन ते बाहेरून काळे पडले होते. त्यावर काही लिहिलेले असेल, अशी मला कल्पनाही नव्हती. चिंच लागताच तांबे उजळले आणि कडीच्या खाली अक्षरे दिसू लागली. मी ती मोठ्याने वाचली. एका मुलीचे नाव होते. ‘चिरंजीव’ अशी सुरुवात, मग ते नाव, ‘हिस लग्नात वडिलांकडून’ आणि शेवटी ‘शके १८४९’. शकात ७८ मिळवले, की इसवी सन निघतो. म्हणजे ते साल १९२७ होते.

ते तीन अक्षरांचे नाव आमच्या घरात कोणाचेच नव्हते. मी विचारले, “आजी, ही कोण ग?”

आजीचा हात थांबला. ती म्हणाली, “मीच ते. माहेरचं नाव माझं.”

पूर्वी लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे सर्रास होती. ताटात तांदूळ पसरून वराने अंगठीने त्यांवर वधूचे नवे नाव लिहावयाचे आणि त्या क्षणापासून सर्वांनी तिला त्याच नावाने हाक मारावयाची. आजीचे आईवडील लवकर वारले होते. तिचे भाऊ धाकटे. ते तिला ‘अक्का’ म्हणत. त्यामुळे तिचे मूळ नाव उच्चारणारे कोणी उरलेच नव्हते. प्रत्यक्ष तिच्या मुलाने, माझ्या वडिलांनी, आपल्या आईचे ते नाव त्या दिवशी प्रथमच ऐकले.

“बारा वर्साची होती मी,” आजी घंगाळाकडे पाहत म्हणाली. “तांदळावर नवं नाव लिहिलं, अन् जुनं या घंगाळावरच राहिलं.”

बारा वर्षांची! म्हणजे तेव्हा मी जेवढा होतो, तेवढी. आज तुम्ही आहात, तेवढी. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ साली झाला आणि त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. आजीचे लग्न त्याआधी दोनच वर्षे झाले होते. पाटी-पेन्सिल हाती न घेतलेल्या त्या मुलीचे नाव साऱ्या जगात एकाच ठिकाणी लिहिलेले होते, आणि ते ठिकाण मोडीच्या ढिगात पडले होते.

वडील उठले. त्यांनी घंगाळ दोन्ही हातांनी उचलले आणि ठेवावयाच्या ढिगात नेऊन ठेवले. मग ते आत गेले आणि ट्रंकेच्या तळातून एक लहानशी पुरचुंडी घेऊन आले. तीत चांदीचे घुंगरू लावलेले दोन वाळे होते. ते वडिलांच्या बाळपणचे. घंगाळाच्या जागी हे विकू, असे त्यांनी सांगितले.

आता आजी नको म्हणणार, असे मला वाटले. तिने वाळे तळहातावर घेतले, एकदा वाजवून पाहिले. मग ती मला म्हणाली, “तुया बाप चालाले लागला तवा गल्लीत पळे. मी चुलीपाशी बसून या घुंगरावरून सांगो, का तो आता कोठपर्यंत गेला.” एवढे सांगून तिने वाळे पुन्हा फडक्यात बांधले, गाठ घट्ट केली आणि ती पुरचुंडी वडिलांच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी एस. टी.च्या टपावर पोते बांधून वडील आणि मी खामगावला गेलो. खामगाव कापसाच्या बाजारपेठेसाठी जसे प्रसिद्ध, तसेच चांदीच्या व्यापारासाठीही दूरवर नावाजलेले. त्या दिवशी बाजारात आमच्यासारखे पुष्कळ लोक होते. कोणाच्या डोक्यावर पोते, कोणाच्या काखेत फडक्यात गुंडाळलेले काहीतरी. दुकानाच्या मागच्या बाजूस भांड्यांचा माणसाच्या उंचीएवढा ढीग पडला होता. वडील वजनकाट्यापाशी उभे होते, तोवर मी त्या ढिगाजवळ जाऊन बसलो. जिकडे पाहावे तिकडे नावे! कोणाच्या बारशाचा पेला, कोणाच्या लग्नाची समई, कोणी बहिणीला भाऊबीजेला दिलेला तांब्या. जवळच्या, दूरच्या कितीतरी गावांतील घरे त्या ढिगात एकमेकांवर पडली होती. हातात सापडतील तेवढी नावे मी वाचून काढली.

आमच्या भांड्यांचे पैसे आले. त्यांतून ज्वारी घेतली आणि उरलेल्यातून बैलांसाठी थोडा कडबा. घरी परतल्यावर मी त्या ढिगाची हकीगत आजीला सांगितली. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “नावं वाचली का रे तू त्यायची?”

मी म्हणालो, “हो, पुष्कळ वाचली.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली. त्यानंतर गेलेल्या भांड्यांबद्दल तिने कधी हळहळ केली नाही. त्या वर्षी आमच्या घरी कोणी उपाशी निजले नाही, हे तिला पुरेसे होते.

आजीच्या त्या वागण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. वस्तू सोडताना आपले मन अडते, कारण त्या वस्तूपाशी कोणा माणसाची काहीतरी ठेव असते. परातीत एक बारसे होते, चरवीत शेजारधर्म होता, वाळ्यांत एका मुलाची पहिली पावले होती. आजीने ती ठेव प्रत्येक भांड्यातून काढून माझ्या स्वाधीन केली आणि मग मोकळ्या मनाने भांडी जाऊ दिली. घंगाळाची गोष्ट निराळी होती. त्यातील ठेव तेव्हाच उजेडात आली होती आणि ती कोरलेल्या अक्षरांतच राहणे योग्य होते. म्हणून ते राहिले.

जुन्या वस्तू जातात त्या केवळ दुष्काळामुळे नव्हे. सोयीची वस्तू आली, की गैरसोयीची जाते. पुढे घरोघर स्टेनलेस स्टीलची भांडी आली. त्यांना कल्हई लागत नाही, त्यांत ताक कळकत नाही, घासण्याचे श्रम कमी. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते बंद पडले. याबद्दल दुःख मानण्याचे कारण नाही. पहाटे अंधारात उठून शेर-दोन शेर ज्वारी दळणे म्हणजे काय कष्ट असतात, हे आपल्या आज्यांना विचारावे. त्या कष्टांतून बायकांची सुटका झाली, हे फार चांगले झाले.

परंतु त्या जात्यापाशीही एक ठेव होती. दळताना बायका ओव्या गात. माहेरची आठवण, भावाचे कौतुक, विठोबाची भक्ती, सासरचे दुःख, जे कोणाजवळ बोलता येत नसे, ते त्या जात्याजवळ बोलत. जाते थांबले, तेव्हा त्या ओव्याही थांबणार होत्या. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा अभ्यासकांनी हे ओळखले. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगाव हिंडून बायकांकडून त्या ओव्या मिळवल्या आणि लिहून घेतल्या. अशा एक लाखाहून अधिक ओव्या आज जतन झाल्या आहेत. जाती अडगळीत गेली. परंतु त्यांपाशी बसून गाणाऱ्या बायकांचे शब्द राहिले.

राजवाड्यांची गोष्टही याहून फारशी वेगळी नाही. आमच्याच जिल्ह्यात घाटावर सिंदखेडराजा आहे. तेथे लखुजी जाधवांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार आजही उभे आहे. १५९८ साली जिजाबाईंचा जन्म या गावी झाला. त्या द्वारातून आत शिरताना ऊर अभिमानाने भरून येतो. मला मात्र तेथे गेल्यावर वाटत राहते, की ज्या पाळण्यात त्या निजल्या, ज्या दिव्याच्या उजेडात त्यांनी गोष्टी ऐकल्या, तो पाळणा आणि तो दिवा पाहावयास मिळता, तर किती बरे झाले असते! दगडी भिंती पराक्रमाची साक्ष देतात. घरातील माणसे कशी जगली, ते सांगतात पाळणे, दिवे आणि भांडी.

हे जाणणारा एक मनुष्य पुण्यात होऊन गेला. त्यांचे नाव दिनकर केळकर. १८९६ साली जन्मलेले केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांना छंद लागला तो रोजच्या वापरातील जुन्या वस्तू जमवण्याचा. दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, पेट्या, स्वयंपाकाची भांडी, जे लोकांना अडगळ वाटे, ते मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. त्यांचा राजा नावाचा मुलगा बाळपणीच वारला. आपला सारा संग्रह त्यांनी त्या मुलाच्या नावाने उभा केला आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. केळकर १९९० साली निवर्तले. परंतु ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ पुण्यात आहे. एका मुलाचे नाव तेथे हजारो वस्तूंच्या सोबतीने राहिले आहे. पुण्यास गेलात, तर ते अवश्य पाहा. तेथील एखाद्या पितळी दिव्यासमोर उभे राहिलात, की तो कोणत्या घरी, कोणाच्या हातांनी लावला जात असेल, असा विचार तुमच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

अर्थात प्रत्येक घराचे संग्रहालय करता येत नाही; आणि करूही नये. घर हे प्रथम राहणाऱ्या माणसांसाठी असते. आमच्या घरीही तो प्रसंग आला. आजी गेली, पुढे काही वर्षांनी आईवडीलही गेले. धाब्याच्या तुळया वाळवीने पोखरल्या होत्या, पावसाळ्यात छप्पर गळू लागले होते. ते घर उतरवणे भागच होते. आम्ही भावंडे त्यासाठी गावी जमलो. कोणी अकोल्याहून, कोणी पुण्याहून आलेला; प्रत्येकाचे घर दोनतीन खोल्यांचे. इतक्या वस्तू ठेवाव्यात कोठे?

तेव्हा आम्ही आजीचीच रीत स्वीकारली. प्रत्येक वस्तू अंगणात आणावयाची, तिच्याविषयी ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने सर्वांना सांगावयाचे, आणि मगच तिचा निर्णय करावयाचा. त्या दोन दिवसांत आम्ही जितके हसलो आणि जितके रडलो, तितके पूर्वी क्वचितच एकत्र हसलो-रडलो असू. आजोबांची काठी आजोबांच्याच एका वृद्ध मित्राला दिली. जाते शेजारच्या काकूंनी नेले. त्या अजून पापडांसाठी उडीद घरीच दळतात. आजीच्या लुगड्यांची वाकळ हातात घेताच विरत होती. तिच्यातील एकेक तुकडा कोणत्या लुगड्याचा, ते थोरल्या आत्याने ओळखून दाखवले आणि मग ती वाकळ आम्ही जाऊ दिली. काशाचे एकेक ताट प्रत्येकाने घेतले.

घंगाळ धाकट्या बहिणीकडे गेले. तिच्या घरी नळाला गरम पाणी येते; घंगाळाची तिला काहीच गरज नाही. परंतु आमच्या कुटुंबात कोठेही बाळ जन्मले, की ते घंगाळ त्या घरी जाते. बारशाच्या सकाळी बाळाची आंघोळ त्यातील पाण्याने होते. आणि बाळाचे नाव ठेवण्यापूर्वी घरातील एखादे शाळकरी मूल कडीखालची अक्षरे मोठ्याने वाचते. जे नाव कित्येक वर्षे कोणी उच्चारले नव्हते, ते आता आमच्या घरी प्रत्येक बारशाला ऐकू येते.

मुलांनो, तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेलच. ती कोपऱ्यात पडली असेल, तिच्यावर धूळ साचली असेल. तिच्याविषयी ज्यांना माहिती आहे, ती माणसे आज तुमच्याजवळ आहेत. त्यांच्यापाशी जाऊन बसा. ही कोणी आणली, कोठून आणली, कोणी वापरली, हे त्यांना विचारा आणि वहीच्या एका पानावर ते लिहून ठेवा. पुढे त्या वस्तूला घरात जागा उरली नाही, तर ती खुशाल जाऊ द्या. ज्याला तिची गरज आहे, अशा कोणाला तरी द्या. मात्र जाण्यापूर्वी तिला एकदा स्वच्छ घासून घ्या. कोणी सांगावे, एखादे नाव धुळीखाली तुमची वाट पाहत असेल.